एका चौकटीत दोन पानं

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. नऊ वर्षांचं व्रत आहे. दफ्तरखान्यात आता सगळ्यांना सवय झाली आहे, सकाळचं माझं काम चिठ्ठ्यांवर चालतं. "ताईंशी भांडायचं असेल तर सकाळीच उरकून घ्या," असं फिल्मकाका नव्या माणसांना सांगतात.

फिल्मकाका म्हणजे आमचे मायक्रोफिल्मवाले. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं कॅमेऱ्याखाली उघडायची, फोटो घ्यायचा, फिल्म धुवायची. एकवीस वर्षं हेच. उरलेली रजिस्टरं फिल्मवर घ्यायची की स्कॅन करायची, असा प्रश्न यंदा साहेबांनी काढला. खर्चाचा तक्ता मी केला.

मंगळवारी अकराला बैठक होती. साहेबांनी तक्ता वाचला. "स्कॅनिंग चार रुपये, फिल्म सहा. फिल्म दीडपट महाग. प्रश्नच मिटला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार हा एका पानाचा दर होता, सहा एका चौकटीचा, म्हणजे फिल्मवरच्या एका फोटोचा. आणि काका समोरासमोरची दोन्ही पानं एकाच चौकटीत घेतात. म्हणजे फिल्मवर पानाला तीनच पडत होते.

"ताई, बरोबर आहे ना?"

चिठ्ठ्यांची वही मांडीवर होती. पेन हातात. घड्याळात अकरा वीस. मी मान खाली घातली आणि साहेबांनी तो होकार धरला.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ताईंनी मांडलंय म्हणजे बरोबरच असणार. आता मला फाटकावर नोंदवहीला बसवणार म्हणे. बरंय, ऊन तरी मिळेल."

बारा वाजले, तरी मी सांगितलं नाही. खरं लिहायचं तर फिल्म धुण्याच्या औषधाच्या वासानं माझं डोकं उठतं, आणि काकांची खोली माझ्या टेबलाला लागून आहे. ती बंद व्हायला मला हवीच होती. मौन देवासाठी धरलेलं, आणि मी त्याच्याआड लपले.

संध्याकाळी दिव्यापुढे बसले, तर जपाच्या जागी सहा-चार, सहा-चार.

बुधवारी साडेनऊला साहेबांच्या दारात गेले. ते स्कॅनिंगच्या आदेशावर सहीसाठी पेन उघडत होते. चिठ्ठीनंही भागलं असतं. पण काल न बोलून केलेलं आज तोंडानंच निस्तरायला हवं होतं.

"साहेब, थांबा. तक्ता चुकलाय. आणि ते मला कालच कळलं होतं."

साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं. "अहो ताई, तुम्ही बोलताय!" मग सगळं ऐकून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. "नवा तक्ता आणा."

काकांच्या खोलीतला कॅमेऱ्याचा खटका थांबला होता. काका हात पुसत दारात उभे होते.

"कालच?" त्यांनी विचारलं.

"हो काका. बैठकीतच."

ते आत गेले. थोड्या वेळानं खटका पुन्हा सुरू झाला.

बारा वाजले. मी बोलायला मोकळी झाले. दिवसभर काकांच्या खोलीतून 'ताई' अशी एकदाही हाक आली नाही.