इराकवरची लाल टिकली

काल नव्या ईशानीबाईंनी मला कपाटामागून ओढून काढलं, जाळ्या झटकल्या आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. पुसता पुसता त्यांचं बोट इराकच्या वरच्या टोकाला अडलं. तिथे माझ्या अंगावर एक लाल टिकली चिकटलेली आहे. "कुणाचा हा चावटपणा!" असं म्हणत त्यांनी ती नखानं खरवडायला सुरुवात केली. अहो बाई, थांबा, थांबा! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण नकाशाचं ओरडणं ऐकतंय कोण? नशीब, तेवढ्यात घंटा झाली. टिकलीची एक कड उचकटली, बाकीची वाचली.

तर मित्रांनो, मी कर्जतच्या एका शाळेतला पश्चिम आशियाचा म्हातारा नकाशा. पाठीला कापड आहे, वर-खाली लाकडी दांडे आहेत आणि एका कोपऱ्यावर कसरीनं ताव मारलेला आहे. छापखान्यात माझ्या अंगावर एकेक रंग चढला तेव्हा मला काय ऐट आली होती म्हणून सांगू! इराक पिवळा, सीरिया हिरवा, इराण नारिंगी आणि इराकच्या डोक्यावर ऐसपैस पसरलेला तो गुलाबी देश. सगळ्यांच्या मधून काळ्या कुळकुळीत सीमा. प्रत्येकाला आपला रंग, प्रत्येकाला आपलं कुंपण. जग असंच असतं, अशी माझी पक्की समजूत होती.

भूगोलाच्या उमाबाई मला फार जपायच्या. तास संपला की स्वतःच्या हातानं गुंडाळायच्या, नाडी बांधायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "नकाशा काय सुरेख ठेवलाय हो!" तेव्हा मी आठवडाभर ताठ मानेनं लटकत होतो. आता आठवलं तरी हसू येतं.

त्यांच्या सातवीच्या वर्गात पळसदरीची सुप्रिया होती. तिचे वडील, किशोर, रसायनीकडे एका कारखान्यात पंपांचं काम करायचे. तो कारखाना बंद पडला आणि ते इराकला गेले. तिथल्या उत्तरेच्या डोंगरातल्या एका गावाला पाणी पुरवणारे पंप ते सांभाळत. एका सकाळी सुप्रियानं मुठीतून एक लाल टिकली आणली.

"बाई, आमचं बाबा कुटं हायेत ते दाखवा ना. आईनं तिच्या पाकिटातली टिकली दिलीय. म्हणाली, माज्या कपाळावर हाय तशीच तितं लाव, म्हंजी त्यांच्यावर माजी नजर ऱ्हाईल."

उमाबाई हसल्या. त्यांनी जागा दाखवली आणि सुप्रियानं टाचा उंचावून टिकली लावली. त्या दिवसापासून रोज वर्गात शिरली की आधी ती टिकलीला बोट लावायची आणि मग बाकावर बसायची. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी हलायचो नाही.

पुढे त्या मुलखात दहशतवादी माजले. गावं पेटवत, माणसं कापत ते टिकलीच्या दिशेनं सरकू लागले. त्यांच्यासमोर कुर्द लोकांच्या फौजा उभ्या राहिल्या. पोरीबाळीसुद्धा बंदुका घेऊन डोंगरात बसल्या. किशोरच्या पंपघराच्या वरच टेकडीवर त्यांची चौकी होती. पाणी राखायचं म्हणजे गाव राखायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, कुर्दांचा देश कंचा?" सुप्रियानं विचारलं.

उमाबाईंची छडी माझ्यावरून फिरली. पिवळ्यावर गेली, हिरव्यावर गेली, गुलाबीवर थबकली. मग म्हणाल्या, "त्यांचा वेगळा देश नाही गं. ते या चार देशांच्या डोंगरांत विखुरलेले आहेत. त्यांना रंगच दिलेला नाही." मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. एवढे लाखो लोक आणि माझ्या अंगावर त्यांच्यासाठी एक ठिपका नाही!

मग तो दिवस आला. किशोरच्या कंपनीनं सांगितलं, ज्याला घरी जायचंय त्यानं आत्ता निघावं, पुढं रस्ते राहतील की नाही कोण जाणे. किशोरनं घरी फोन केला. मी निघालो तर पंप बंद पडतील, गाव तहानेनं मरेल. तरी तुम्ही सांगाल तसं करतो, बाईंनाही विचारा, असं तो म्हणाला. त्याच आठवड्यात पेपरात ठळक बातमी आली होती. तो गुलाबी देशही आता दहशतवाद्यांविरुद्ध लढाईत उतरला होता.

मधल्या सुट्टीत सुप्रियाची आई, सोनाबाई, वर्गात आली. कपाळावर तशीच लाल टिकली. उमाबाईंनी तिला माझ्यासमोर उभं करून सगळं दाखवलं.

"म्हंजी बाई, डोंगराला वणवा लागल्यावर शेजारचं गाव इझवायला येतं, तसंच ना?"

"अगदी तसंच, सोनाबाई. आता भिण्याचं कारण नाही."

मित्रांनो, आमच्याकडे वणव्याचा रिवाजच तसा आहे. पळसदरीच्या डोंगरात धूर दिसला की आजूबाजूची गावं ओल्या फांद्या घेऊन धावतात. ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं, तेही शेजारी शेजारी उभे राहून जाळ झोडपतात. आग विझेपर्यंत भांडण बाजूला. त्या दोघींनी अख्ख्या जगाला आमच्या डोंगराचा रिवाज लावला.

सोनाबाईनं तिथूनच फोन लावला. "आवं, ऱ्हावा तितंच. तुमचं पानी चालू ठेवा. आता मोटी मानसं आलीत आग इझवायला."

त्या गुलाबी देशाच्या पोटातही कुर्द राहत होते. त्यांचं आणि तिथल्या सरकारचं वैर फार जुनं. दोन्हीकडची माणसं मेली होती, दोन्हीकडच्या आया रडल्या होत्या. दहशतवाद्यांनी त्या देशातही स्फोट घडवले होते, त्यामुळे त्याचा त्यांच्यावर राग होता हे खोटं नाही. पण सीमेपलीकडचे कुर्द लढून लढून मोठे झाले, तर उद्या आपल्या घरातले कुर्दही वेगळी चूल मागतील, या भीतीनं त्याला त्याहून जास्त पोखरलं होतं. त्याची विमानं उडाली, ती दोन्ही कामांसाठी. थोडे बॉम्ब दहशतवाद्यांवर पडले आणि कितीतरी जास्त, त्यांना अडवून बसलेल्या कुर्दांच्या डोंगरांवर.

अशाच एका पहाटे पंपघरावरची ती चौकी उडाली. टेकडी खाली आली आणि खालचं पंपघरही गेलं. किशोर पाणी सोडायला उठलेला होता.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया आली नाही. उमाबाईंनी वर्गाला कसंबसं सांगितलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या दिवशी तास झालाच नाही.

काही दिवसांनी सोनाबाई सुप्रियाला सोडायला आली. तिचं कपाळ मोकळं होतं. मला बघवेना.

"सोनाबाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," उमाबाई रडत म्हणाल्या. "मीच म्हणाले, भिऊ नका."

"तुमी काय करनार, बाई? आमी दोगीबी फसलो." सोनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "शेजारी आला आग इझवायला, नि बांद कोरून गेला. त्याची नजर आगीवर कमी नि बांदावर जास्त. माजं मानूस बांदावर उभं होतं, त्याला काय ठावं?"

सुप्रियानं पुढे होऊन टिकलीला नख लावलं. सोनाबाईनं तिचा हात धरला.

"नको काढूस गं. माजी निघाली. ही तरी ऱ्हाऊ दे."

त्यानंतर उमाबाईंनी मला उलगडलं की रंग सांगायच्या आधी त्या डोंगरांवर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मुलांनो, इथे माणसं राहतात." मग त्या निवृत्त झाल्या. वर्गात पडदा आला, त्यावर चकचकीत नकाशे उमटू लागले आणि मी कपाटामागे गेलो. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. सुप्रिया आता कुठे आहे, तेही मला माहीत नाही.

मित्रांनो, उद्या ईशानीबाई पुन्हा फडकं घेऊन येतील. मी जुना झालोय, माझ्या सीमा पुसट झाल्यात. त्या गेल्या तरी चालतील, मला रद्दीत दिलं तरी चालेल. फक्त तुमच्यापैकी कुणीतरी तेव्हा तिथे उभं राहा आणि माझ्या वतीनं एवढंच म्हणा: बाई, जरा जपून. त्या टिकलीखाली माणूस आहे.