एक मिस्ड कॉल म्हणजे हो

मित्रांनो, त्या रविवारी दुपारी राघोकाकांनी पंच्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि खुर्ची ओढून ते फोनपाशी बसले. त्यांचा तो शेवटचा रविवार होता.

मी एक जुना राउटर आहे. शांती नगरातल्या त्यांच्या घरी टीव्हीच्या कपाटावर माझी जागा होती. त्यांची मुलगी मंदा डब्लिनला नर्स. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आली तेव्हा तिने मला आणले आणि इंटरनेटवरचा हा फोन मला जोडला, कारण साध्या फोनवर परदेशी बोलणे परवडत नसे.

कारखान्यात मला एक काम शिकवले होते. माझ्यातून जाणारा प्रत्येक इंटरनेट-कॉल उघडून पाहायचा आणि त्यातला पत्ता दुरुस्त करायचा, मदत म्हणून. ‘उत्तर इथे पाठवा’ असा बरोबर पत्ता मंदाचा फोन देई, तोही मी बदलून टाकी. त्यामुळे तिचे बोलणे काकांना ऐकू येई; काकांचा आवाज मात्र भलत्याच पत्त्यावर जाई, तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

केबलवाला येई, माझे हिरवे दिवे बघे आणि म्हणे, "अंकल, नेट तो मस्त चल रहा है. फोनवालों से पूछो." फोनवाले म्हणत, नेटवाल्यांना विचारा.

"दोघांचं एकदा लग्न लावून टाका," काका म्हणत.

शेवटी बापलेकीने आपली तोड काढली. मंदाने विचारायचे आणि काकांनी मोबाईलवरून तिला मिस्ड कॉल द्यायचा. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दोन द्यायची वेळ काकांनी कधी येऊ दिली नाही.

त्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, मी मजेत आहे. यंदा गणपतीला जमत नाही यायला. चालेल ना?"

"नाही चालत गं, मंदे," काका रिसीव्हरमध्ये म्हणाले. "जिना चढताना छातीत भरून येतं. एकदा येऊन जा."

तिला हे ऐकू जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी मोबाईल उचलला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि एकच मिस्ड कॉल दिला.

सोमवारी सकाळी ते त्याच खुर्चीत गेले.

मंदा आली ती बाराव्याच्या पाहुण्यांत वावरली, रडली नाही. घर रिकामे झाल्यावर तिने माझे माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचले. मोबाईलवर माझी सेटिंग उघडून त्या मदतीसमोरची खूण काढली, मला बंद करून पुन्हा चालू केले आणि काकांच्या त्याच फोनवरून डब्लिनच्या मराठी मैत्रिणीला, लिनेटला, फोन लावला.

"अगं, आवाज येतोय तुझा," लिनेट म्हणाली. "अगदी शेजारी बसल्यासारखा. काय केलंस?"

"एक खूण काढली," मंदा म्हणाली. "तेवढीच."

मित्रांनो, आमचे दिवे हिरवे दिसले म्हणून समाधान मानू नका. घरातले माणूस बोलते ते पलीकडे पोचते आहे का, एवढे बघा.

लिनेटचा फोन ठेवून मंदा काकांच्या खुर्चीत बसली. नंबर न लावताच तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "मी मजेत नव्हते. मला घरी यायचं होतं."