धोंडू दिसेना तर थांब

मी आरसा बोलतोय. घरातला नव्हे, माझ्यापुढे उभं राहून कुणी कधी भांग पाडला नाही की कुंकू रेखलं नाही. मी पिकअपच्या डाव्या दाराबाहेर हात लांब करून उभा राहणारा, पाठीमागचं दाखवणारा आरसा. मला जे सांगायचं आहे ते केव्हाचं सांगायचं आहे. पण मला फक्त दाखवता येतं, ओरडता येत नाही, आणि सध्या तर दाखवताही येत नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत श्यामसुंदर कर्णिकांचा कारखाना आहे. मोठमोठ्या इमारतींतून एअरकंडिशनची हवा खेळवायला पत्र्याच्या लांबरुंद पेट्या लागतात, त्या इथे बनतात. वजनाला हलक्या, पण आकाराने अवाढव्य. त्या न्यायला पिकअपच्या मागे एक ट्रेलर जोडलेला असतो, आणि हा ट्रेलर पिकअपपेक्षा दोन्ही अंगांनी हातभर बाहेर येतो. म्हणजे चालवणाऱ्याला मागे काय दिसणार? ट्रेलरची फळी. त्या फळीपलीकडे रस्ता आहे, भिंत आहे की माणूस आहे, देव जाणे.

गाडी चालवायचा दशरथ. आणि गाडी मागे घेताना ट्रेलरच्या पाठीशी उभा राहायचा धोंडू. दोघे कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. धोंडूने बावीस वर्षं परळच्या गिरणीत काढली होती. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हा दशरथने त्याला कर्णिकसाहेबांकडे आणलं. पन्नाशीच्या त्या माणसाचं काम एवढंच: मागे उभं राहून ओरडायचं, ‘येऊ दे, येऊ दे.’ थांबवायचं असेल तर फळीवर हाताची जोरदार थाप मारायची, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडणं पुढे पोचत नाही. कारखान्यात त्याच्या हुद्द्याला नावसुद्धा नव्हतं. सगळे त्याला ‘मागचा माणूस’ म्हणत.

मुलुंडला एका कारखान्यात माल उतरवायचा असे. तिथे शिरायला एक बोळ, दोन्हीकडे दगडी भिंती, आणि ट्रेलर उलटा आत न्यायचा. उलटा ट्रेलर हे फार हट्टी जनावर असतं. गाडी डावीकडे वळवली की ते उजवीकडे जातं. एकदा ते असंच भलतीकडे वळलं आणि धोंडूला भिंतीशी चेपत गेलं. त्याने थाप मारली. दशरथने ब्रेक दाबला. मधे धोंडूच्या हातातला जेवणाचा डबा होता, तो पापडासारखा झाला.

“भाकरी चपटी झाली रे,” धोंडू म्हणाला. “म्हणजे आधी होती तशीच आसा.”

दशरथ हसला. पण त्या दिवशी गाडीत साहेबांची मुलगी मृणालिनी बसली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीत साइटवर मापं घ्यायला आली होती. ती हसली नाही.

“दशरथमामा, तुम्हाला मागचं काय दिसतं?”

“फळी दिसते, ताई. फळीच्या मागे धोंडू असतो.”

“दिसतो?”

“असतो.”

त्या एका शब्दातून माझा जन्म झाला.

मृणालिनीने वडिलांशी तीन दिवस वाद घातला. साहेब म्हणत, “गाडीला शिंग फुटल्यासारखं दिसेल. साकीनाक्याला पहिला रिक्षावाला उडवेल.” ती म्हणाली, “आरसा उडाला तर दुसरा लावू. बाबा, तुमच्याकडे दुसरा धोंडू आहे का?” साहेबांनी पेपर वर धरला. हा त्यांचा होकार असतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

उजवीकडे दशरथ खिडकीतून मान बाहेर काढून थोडंफार बघू शके. डावी बाजू ठार आंधळी. म्हणून आधी डावीकडचा आरसा करायचं ठरलं. दशरथला स्टिअरिंगवर बसवलं आणि धोंडूला उभा झाडू हातात देऊन ट्रेलरच्या कडेने चालायला लावलं. झाडू जिथे दिसेनासा होई तिथे मृणालिनी खडूने खूण करी. त्या खुणांवरून माझ्या हाताची लांबी ठरली. काच घाटकोपरच्या दुकानातून कापून आणली. वेल्डर मार्तंडने पाइप वाकवून हात केला आणि मला दाराच्या बिजागरीशी पक्कं आवळलं.

पहिल्याच फेरीला माझी फजिती झाली. गाडी सुरू झाली की मी थरथरायचो.

“ताई, ह्यात धोंडू एकाचे तीन दिसतात,” दशरथने सांगितलं.

“तिघांनाही डबा लागेल,” मार्तंड म्हणाला. मग त्याने खालून आडवी सळी देऊन मला दुसरा आधार दिला. थरथर थांबली. माझ्या पायाशी एक लहान गोल, फुगीर काचही बसवली, ट्रेलरचं मागचं चाक दिसावं म्हणून.

आता डावी बाजू दिसत होती. तरी ट्रेलरच्या नेमकं पाठीमागचं मलाही दिसत नव्हतं. ते कुठल्याच आरशाला दिसत नाही. मृणालिनीला हे माहीत होतं. तिने दोघांना समोर उभं केलं.

“धोंडूमामा, तुम्ही डाव्या कोपऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. आरशात दिसाल असे. दशरथमामा, धोंडूमामा दिसेनासे झाले की थांबायचं. थाप पडो न पडो. दिसले नाहीत की थांबायचं.”

“आणि सकाळी?” तिने विचारलं.

“सकाळी आरसो पुसूचो,” धोंडू शाळेतल्यासारखा म्हणाला, “आणि मागे जाऊन हात हलवूचो.”

ते दिवस माझे सुखाचे होते. रोज सकाळी धोंडू ओल्या फडक्याने मला पुसायचा, मागे जाऊन हात हलवायचा आणि दशरथ आतून हॉर्न वाजवायचा. पवई, कांजूरमार्ग, मग मुलुंड. मागे राहणाऱ्या झाडांपेक्षा, दुकानांपेक्षा मी एकाच गोष्टीची वाट बघायचो: बोळाशी गाडी उलटी लागली की माझ्यात धोंडूची खाकी चड्डी आणि पांढरी बंडी दिसायची. तो कुठे दगड काढायला फळीमागे वाकला की दिसेनासा व्हायचा आणि दशरथचा पाय त्याच क्षणी ब्रेकवर जायचा. हळूहळू धोंडूने थाप मारणं सोडून दिलं. का मारील? आरसा होता ना. तो मनात आलं की मागे जायचा, काम करायचा आणि बाहेर येऊन हात हलवायचा. तो माझ्या भरवशावर निर्धास्त झाला होता. ह्याचा मला अभिमान वाटायचा. आज त्याच अभिमानाची मला लाज वाटते.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रं धुतली, पुसली, बंद ठेवली. पाती, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांची पूजा झाली. दशरथने पिकअपला न्हाऊ घातलं. बॉनेटवर हार घातला. आणि माझा हात बाहेर आलेला, खुंटीसारखा. झेंडूचा सगळ्यात जाड हार त्याने माझ्या गळ्यात घातला, आंब्याचा टहाळा खोचला आणि काचेवर ओल्या कुंकवाने मोठं स्वस्तिक काढलं. त्याने हात जोडले.

“धोंडूक सांभाळ रे बाबा,” तो मला म्हणाला.

तो किती मनापासून म्हणाला ते मी ऐकलं आहे. म्हणूनच मला राग कुणावर काढायचा ते कळत नाही. ज्या डोळ्याने धोंडूला सांभाळायचं, त्याच डोळ्यावर त्याने फुलं बांधली होती.

दसरा झाला. गाड्या सुरू झाल्या. मृणालिनीची परीक्षा होती, ती कारखान्यात येत नव्हती. सकाळी धोंडू फडकं घेऊन आला आणि माझ्यासमोर थबकला.

“हार काढू काय रे?”

“रवांदे,” दशरथ म्हणाला. “पूजेचो हार हातान काढूचो नाय. सुकान आपणहून गळात तेव्हा गळात.”

“आणि ह्या कुंकू?”

“पुसतंस काय मेल्या? देवाचा ता.”

धोंडूने फडकं खांद्यावर टाकलं. मागे जाऊन सवयीने हात हलवला. दशरथने सवयीने हॉर्न वाजवला. त्याला माझ्यात झेंडू दिसला होता.

मुलुंडपर्यंत मी वाऱ्याची वाट पाहत होतो. हार उडावा, तुटावा, एखाद्या रिक्षाने मला धडक द्यावी, माझा चुरा व्हावा. निदान दशरथला कळेल की डावी बाजू पुन्हा आंधळी झाली आहे. काहीच झालं नाही. मार्तंडची सळी पक्की होती.

बोळाशी गाडी उलटी लागली. ट्रेलर आत सरकू लागला. कुंकवाच्या दोन रेघांमधून मला धोंडू दिसत होता, एवढासा, तुकड्यातुकड्याने. ट्रेलरच्या वाटेत एक वीट पडली होती. त्याने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि फळीमागे वाकला. तो दिसेनासा झाला. नियमाप्रमाणे गाडी थांबायला हवी होती. धोंडूला खात्री होती की दशरथ बघतोय. दशरथला खात्री होती की काही असलं तर थाप पडेल. मी त्या दोघांच्या मधे, फुलांत गुदमरलेला. थांब. दशरथ, थांब. तो दिसत नाही, थांब.

थाप पडली नाही. किंकाळी पडली.

धोंडूचा डावा पाय भिंत आणि ट्रेलरमध्ये सापडला होता. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः पाना घेऊन मला उतरवलं. “आरसा लावला आणि माणूस अधू झाला,” एवढंच ते बोलले. मृणालिनी परीक्षा टाकून धावत आली. माझ्यावरचं वाळकं कुंकू तिने नखाने खरवडलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. “सकाळी पुसायचं सांगितलं होतं,” ती म्हणत राहिली. “पूजेच्या दिवसाचं सांगायचं मला सुचलं नाही.” तिने मला पुन्हा बसवायची विनवणी केली. साहेब ऐकेनात. अपशकुनी वस्तू गाडीवर नको, असं कारखान्यातल्या बायकाही म्हणू लागल्या.

दोन महिन्यांनी धोंडू कुबड्या घेऊन आला. मी गोदामाच्या दाराशी पडलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. तो सरळ दशरथकडे गेला.

“आरसो लाव रे गाडयेक.”

दशरथ बसल्या जागी दोर गुंडाळू लागला.

“आरशाचो काय दोष? तू हार काढूक नाय, मी थाप मारूक नाय. आता धाकू उभो रवता मागे. त्येका दोन पाय आसत.”

“माका जमाचा नाय, धोंडू,” दशरथ म्हणाला. “त्या आरशात बघितलंय की माका तूच दिसतलंस.”

“दिसांदे मा,” धोंडू म्हणाला. “त्या दिवशी मी दिसाक होयाच होतंय.”

दशरथ उठून गाडीकडे निघून गेला. मग कुबड्यांचा आवाज फाटकाकडे गेला.

त्यानंतर मला उचलून गोदामाच्या आत टाकलं. पत्र्याच्या कापलेल्या तुकड्यांवर, काच भिंतीकडे करून. माझी काच शाबूत आहे, हात सरळ आहे, बिजागरीचे नट तेवढे गंजू लागलेत. तासाभराचं काम आहे मला बसवायचं.

तुम्ही जे कुणी ऐकत असाल, माझ्यावर दया करू नका, मला त्याची गरज नाही. माझी पूजाही करू नका. फक्त एक ओलं फडकं आणि एक पाना घेऊन या, आणि लवकर या. अंगणात पिकअप सुरू झाली आहे. दशरथने उलटा गिअर टाकला, तो आवाज मी ओळखतो. ट्रेलर मागे सरकतोय, आणि धाकू त्याच्या पाठीशी उभा आहे.