खड्यांचं ऑपरेशन

गावात काय सांगायचं ते विश्रामने आधी ठरवलं आणि मग भावेशला ऑपरेशनचं सांगितलं.

"पित्ताशयात खडे झालेत, असं म्हणायचं," जेवता जेवता त्याने बायकोला बजावलं. "वजनाचं कुणाजवळ बोलायचं नाय. तुझ्या माहेरी पण नाय, मंगला."

मंगलाने मुलाकडे पाहिलं. भावेश मान खाली घालून तांदळाच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होता. सतरा वर्षांचा मुलगा, बोलायचं ते सगळं कॉलेजात बोलून येत असावा. घरात त्याचा आवाज फक्त रात्री यायचा, झोपेत. घोरणं चालू असताना ते एकाएकी थांबायचं, घर कसं गप्प व्हायचं, आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा तो मोठा श्वास घ्यायचा. त्या गप्पपणात मंगला अंथरुणावर उठून बसलेली असायची.

विश्राम चुरी वाणगावच्या अलीकडचा. थोडी चिकूची वाडी, तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटरची नोकरी. तरुणपणी त्याने कबड्डी गाजवली होती. अजूनही सामन्याच्या मंडपात म्हातारे लोक नव्या पोरांना सांगत, "पकड बघायची तर विश्रामची." पन्नाशीला टेकला तरी त्याचं पोट सपाट होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. अशा माणसाच्या पोटी असा मुलगा, हे लोक तोंडावर म्हणत नसत. म्हणत नसत म्हणूनच विश्रामला ते सारखं ऐकू येई.

आजार खोटा नव्हता. बोईसरच्या डॉक्टरांनी भावेशच्या रक्तात साखर वाढल्याचं सांगितलं होतं. गुडघे दुखत होते. झोपेत श्वास अडकत होता, म्हणून दिवसा वर्गात त्याचे डोळे मिटत. डॉक्टरांनी पालघरच्या एका खाजगी हॉस्पिटलात पाठवलं. तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून सर्जन येत. त्यांनी भावेशला तपासून शांतपणे समजावलं, की पोट लहान करायचं ऑपरेशन याच्या बाबतीत विचार करण्यासारखं आहे, पण त्याआधी काही महिने तयारी लागेल. खाणं, चालणं, गोळ्या वेळेवर. मग समुपदेशक मॅडम त्याच्याशी बोलतील आणि सगळे मिळून ठरवू.

विश्रामने यातलं 'ऑपरेशन' तेवढं घरी नेलं. तयारीची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली, म्हणजे फराळाच्या डब्यांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी पँटच्या पट्ट्याला अडकवली. मंगलाला पाहुण्यांपुढे बिस्किटं ठेवायची तरी नवऱ्याची वाट बघावी लागे. भावेश घरात शिस्तीत, मोजकं खाई. वजन मात्र हलत नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर विचारलं की विश्राम सांगे, "एकदम व्यवस्थित चाललंय, मॅडम. माझं बारीक लक्ष हाय."

अशात समुपदेशक मॅडमना भेटायचा दिवस आला. मंगलाच्या अंगात ताप होता, म्हणून बापलेक दोघेच निघाले.

हॉस्पिटलात बाकं भरलेली होती. भावेशला भिंतीकडेला जागा मिळाली. विश्राम समोरच्या रांगेत, एका बाईच्या शेजारी बसला. पंख्याची झुळूक लागली आणि थोड्या वेळात भावेशची मान छातीवर पडली. मग तो आवाज सुरू झाला.

घरात त्या आवाजाची भीती वाटे. इथे त्याची लाज वाटली. आधी एकदोघांनी वळून पाहिलं, मग सगळ्यांनी. खिडकीपाशी उभ्या दोन पोरांपैकी एकाने मोबाइल काढून हळूच तिकडे रोखला. दुसरा तोंडावर हात धरून हसत होता. भावेशचा श्वास थांबला, पोरांनी डोळे मोठे केले, आणि तो मोठ्याने श्वास ओढत पुन्हा घोरायला लागला तशी त्यांना खुदखुदून हसू फुटलं.

उठून त्या पोरांच्या हातातला मोबाइल हिसकावून घ्यायला विश्रामला दोन ढांगा पुरल्या असत्या. तो उठला नाही. त्याने पायातल्या चपलेचा अंगठा न्याहाळायला सुरुवात केली.

"तुमच्याबरोबरच आलाय ना तो?" शेजारच्या बाईने विचारलं. तिचा सूर काळजीचा होता. "तुमचा मुलगा का?"

"नाय," विश्राम म्हणाला. "शेजारचा हाय."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला हलकं वाटलं. म्हणून तो पुढे बोलत गेला. "त्याच्या बापाला सुट्टी नाय मिळाली, म्हणून मी आणला. काय करणार, पोराचा तोंडावर ताबाच नाय. आईबापानं लाडावून ठेवलाय."

बाई नुसतीच 'हं' म्हणाली. विश्रामने मान वर केली तेव्हा घोरणं थांबलेलं होतं. भावेशचे डोळे उघडे होते. ते नेमके केव्हा उघडले, हे विश्रामला पुढे कधीच कळलं नाही.

तेवढ्यात भावेशचं नाव पुकारलं. तो भिंतीला हात देऊन उठला, बापाकडे न बघता आत गेला. मॅडम आधी त्याच्या एकट्याशी बोलणार होत्या. बराच वेळ लागला. विश्रामला तहान लागली, पण पाणी प्यायला जायचं म्हणजे त्या पोरांसमोरून जावं लागलं असतं.

मग त्याला आत बोलावलं.

प्रियदर्शिनी मॅडम वयाने लहान होत्या, विश्रामच्या पुतणीएवढ्या. त्यांनी खुर्ची दाखवली आणि साध्या आवाजात विचारलं, "आपण भावेशचे कोण?"

विश्राम खुर्चीत बसता बसता थांबला.

"नाही, भावेश म्हणाला की बाबा आले नाहीत. शेजारचे काका आलेत."

विश्रामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मुलाकडे पाहिलं. भावेशच्या चेहऱ्यावर राग नव्हता की टोमणा नव्हता. दुसऱ्याने सांगितलेला निरोप पोचवावा तसा तो बसला होता.

"मी वडील," विश्राम म्हणाला. एवढे दोन शब्द त्याला दगडासारखे उचलावे लागले.

मॅडमनी लगेच काही विचारलं नाही. त्या थांबल्या, आणि ते थांबणंच त्याला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"भावेश, मला जे सांगितलंस ते बाबांसमोर बोलशील? नको असेल तर राहू दे."

भावेशने बोटं एकमेकांत गुंतवली. "मला ऑपरेशन हवंय, मॅडम. मी वाचलंय सगळं. सकाळी उठलो की डोकं ठणकतं, मला नीट झोपायचंय. पण मी घरी कमी खातो आणि कॉलेजच्या मागे जाऊन वडापाव खातो. दोन, कधी तीन. घरी कुलूप हाय म्हणून नाय..." तो अडखळला. "घरी कुणी बघत असलं की घास उतरत नाय. बाहेर कोण ओळखत नाय."

"आणि ऑपरेशनचं घरी काय ठरलंय?"

"खडे झालेत म्हणून सांगायचं. पण मॅडम, त्याच्यानंतर जन्मभर गोळ्या घ्यायच्या, चार घासांवर उठायचं, लग्नाकार्यात पण. खडे झालेला माणूस असं कुठं करतो? मग मी तेपण लपूनच करायचं?"

विश्रामने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, तुझ्याचसाठी केलं मी. पण बाहेरच्या बाकावरचं स्वतःचं बोलणं त्याला आठवलं आणि त्याने तोंड मिटलं.

नंतर सर्जनसाहेबांनी बोलावून सांगितलं, की आत्ता ऑपरेशन करायचं नाही. मुलाला समज चांगली आहे, त्याला स्वतःला ते हवं आहे, ही मोठी गोष्ट. पण चोरून खाणं चालू असताना पोट लहान केलं तर जिवावर बेतू शकतं. आधी रात्री तोंडावर लावायचं हवेचं मशीन सुरू करा, झोप सुधारू दे. दर महिन्याला दोघं मॅडमना भेटा. "मुलगा येईलच," ते म्हणाले, "तुम्हीही यायचं."

दोघं घरी निघाले. स्कूटरवर मागे बसलेल्या भावेशने आधारासाठी बापाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कडी धरली.

त्या दिवसापासून विश्रामला जेवणाच्या वेळेची धास्ती बसली. मंगला वाढायला बसली की त्याला वाटे, आता हा सांगणार. पण भावेशने आईला काही सांगितलं नाही. आज नाही, उद्या नाही. आठवडा गेला. मुलगा आपली अब्रू सांभाळतोय, हे ध्यानात आलं तेव्हा विश्रामला ताटावर बसवेना. ज्याच्यामुळे आपली मान खाली जाते असं समजत आलो, तोच आपली लाज राखून होता.

शेवटी एका संध्याकाळी वाडीत चिकू उतरवताना त्यानेच मंगलाला सांगितलं. काही लपवलं नाही. बापाला सुट्टी मिळाली नाही म्हणालो, तेसुद्धा सांगितलं.

मंगलाच्या हातातला चिकू हातातच राहिला. "त्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

ती पाटीशेजारी खाली बसली. म्हणाली, "अंगात ताप होता तरी मी यायला पाहिजे होतं." तिने त्याला एकही शिवी दिली नाही. घरी गेल्यावर फक्त हात पुढे केला, "किल्ली," आणि कुलूप काढून भंगाराच्या पिशवीत टाकलं. त्या रात्री ती भावेशच्या खोलीत जाऊन झोपली आणि पुढे कितीतरी दिवस तिथेच झोपत राहिली.

विश्रामला वाटू लागलं की काहीतरी करून दाखवलं पाहिजे. संधी बेटेगावला मिळाली. त्याच्या बहिणीकडे, दीपाकडे, मुलीच्या साखरपुड्याला सगळा गोतावळा जमला होता. भावेश मंडपाच्या कडेला मोनाली, सुजय या चुलतभावंडांत बसला होता, आणि बऱ्याच दिवसांनी हसत होता. मशीन लावायला लागल्यापासून त्याच्या डोळ्यांखालचा काळेपणा जरा उतरला होता.

"काय रे विश्राम," दीपा पंगतीत वाढता वाढता म्हणाली, "भावेशच्या खड्यांचं काय झालं? ऑपरेशन कधी?"

विश्राम उभा राहिला. कबड्डीच्या मैदानात उभा राहायचा तसा, छाती काढून. "खडे बिडे काय नाय, दीपा. वजनाचं ऑपरेशन हाय. लाज वाटली म्हणून मीच खोटं सांगलेलं. ऐका सगळे, माझ्या पोराचं वजनाचं ऑपरेशन हाय!"

कुणीतरी "बरं, बरं, होईल नीट," असं पुटपुटलं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा भावेशकडे वळल्या आणि त्याच्या ताटावर जाऊन थांबल्या. भावेशच्या हातात जिलबीचा अर्धा तुकडा होता. तो त्याने ताटात ठेवला, हात धुतला आणि मंडपाबाहेर गेला.

विश्राम त्याच्या मागे धावला. भावेश स्कूटरजवळ उभा होता, डोळ्यांत पाणी होतं.

"मी खरं सांगलं ना," विश्राम म्हणाला.

"मला विचारलं?" भावेशचा आवाज फाटला. "तुमी खोटं सांगलं तेव्हा पण विचारलं नाय. खरं सांगलं तेव्हा पण नाय. पोट माझं हाय, बाबा. मी मोनालीला सांगलेलं, सुजयला सांगलेलं. मी सांगत होतो एकेकाला, माझ्या टायमानं."

मंडपात सनईची रेकॉर्ड लागली. विश्रामला वाटलं होतं की आज छातीवरचा दगड उतरेल. तो आणखी जड झाला. आपण मुलाला वाचवायला उठलोच नव्हतो, आपण स्वतःला सोडवायला उठलो होतो, हे त्या स्कूटरपाशी उभं राहून त्याला कळलं. 'चुकलं' म्हणायला त्याची जीभ वळली, पण यावेळी तेसुद्धा म्हणण्याआधी त्याने विचारलं.

"मी एक बोलू?"

भावेशने डोळे पुसले. "आज नको."

"बरं," विश्राम म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

पुढच्या महिन्यांत तो दर वेळी पालघरला गेला. मॅडम त्याला विचारत, तो उत्तरं देई. आपलं कपाट, आपला धाक, आपलं बाकावरचं बोलणं, सगळं त्याला पुन्हा पुन्हा उगाळावं लागे. बाहेर आल्यावर घामाने सदरा पाठीला चिकटलेला असे. भावेशचं कॉलेजमागे जाणं एकदम थांबलं नाही. एकदा त्याने स्वतःच घरी येऊन आईला सांगितलं, "आज खाल्ला, एक." मंगला "बरं" म्हणाली आणि विश्राम चुपचाप वर्तमानपत्र वाचत राहिला. त्या पानावर काय छापलं होतं ते त्याला आजही सांगता येणार नाही.

बारावीची परीक्षा संपल्यावर सगळ्या डॉक्टरांनी मिळून होकार दिला. साखर आटोक्यात होती, झोप लागत होती, आणि मुख्य म्हणजे पुढे काय काय सोडावं लागेल ते भावेश न अडखळता सांगत होता. ऑपरेशनआधी घरच्यांना नीट समजावून सांगायची एक बैठक होती. बरोबर कोण बसणार, असं मॅडमनी भावेशलाच विचारलं.

"आई बसेल," तो म्हणाला. विश्राम उठायला लागला. तो दारापर्यंत पोचला तेव्हा भावेश पुढे म्हणाला, "बाबा पण बसू दे. पण मधे बोलायचं नाय."

मॅडमनी दाराजवळची खुर्ची दाखवली. विश्राम हात मांडीवर ठेवून बसला. पाणी घोट घोट कसं प्यायचं, पहिले आठवडे पातळ काय द्यायचं, उलटी झाली तर काय करायचं, मॅडम सांगत होत्या आणि मंगला मान हलवत होती. मध्येच मॅडमनी वळून विचारलं, "आणि घरी कुणी पाहुणे आले, आग्रह करायला लागले, तर काय कराल?"

प्रश्न विश्रामकडे बघून होता. उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. त्याने मुलाकडे पाहिलं. भावेशची पाठ त्याच्याकडे होती.

विश्राम गप्प राहिला. क्षणभराने भावेशच बोलायला लागला.