हंडा तेवढा उचलवत न्हाई

"गुडघा, कंबर, छातीत धडधड, चक्कर, हातापायाची आग," झुंबरबाई बोटांवर मोजत होत्या, "आन् पोटात गोळा."

"झालं, की अजून आहे?"

"सध्या एवढंच."

घोडेगावच्या बाजाराचा दिवस. ओट्यावर पन्नास माणसं खोळंबलेली आणि या साठीच्या बाईंचं रामायण काही संपेना. मी लिडिया, इथल्या मिशनच्या दवाखान्यातली नर्स. चौदा वर्षं नोकरी झाली, सोशिकपणा कमी झालाय, खोटं कशाला बोलू!

सोबतची सून मालनबाई आधीच कावलेली. "बाई, समदं सोंग हाय. आत्याबाई सकाळी कंबर धरून बसत्यात, आन् दुपारी रानात खुरपायला हजर! हंडा तेवढा उचलवत न्हाई. चुलीपशी येववत न्हाई. देवाच्या दिव्याला तर हातच लावंनात. चार दिस झाले की पुन्ना टुणटुणीत."

पाणी, चूल, देव. आमच्या ख्रिस्ती घरात शिवाशिव नाही, पण मी वाढले याच गावात. बाईंची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. मालनबाईला केसपेपर काढायला बाहेर पाठवलं.

"मावशी, विटाळ पुन्हा सुरू झालाय का?"

त्यांनी पदर तोंडावर ओढला. "हळू बोला की! जाऊन बारा वर्सं झाली हुती. आता दीड वर्स झालं, कवाबी येतोय. ह्या वयात सुनंच्या देखत बाजूला कशी बसू? गाव तोंडात शेन घालंल."

"म्हणून कंबर दुखते?"

"कंबर, न्हाईतर चक्कर. मागल्या बारीला काय सांगितलं त्ये ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हनून समदंच सांगते."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर रक्त जाणाऱ्या दोन बायका मी पाहिल्या होत्या. दोघीही गेल्या.

"मावशी, हा विटाळ नाही. आतलं दुखणं आहे. नगरला जाऊन तपासायलाच हवं."

"बाईमानूस डाक्टर हाय न्हवं?"

"आहे. आणि मी पण येते."

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून मांसाचा एक छोटा कोंब काढला आणि पुण्याला तपासायला पाठवला. बाकीच्या तक्रारीही एकेक करून पाहिल्या. चक्कर आणि धडधड खरीच निघाली. अंगात रक्तच नव्हतं. त्यावर लोहाच्या गोळ्या दिल्या. गुडघा झिजलेला, त्याला शेक सांगितला. पोटातला गोळा मात्र शुद्ध थाप.

तीन आठवडे मी पोस्टमनची वाट पाहिली. देवाला रोज सांगत होते, हिला नको. शेवटी कागद आला. साधा कोंब, कॅन्सर नाही; रक्त त्यातूनच जात होतं. दोघींना बोलावून मी तो दोनदा वाचून दाखवला.

मालनबाई खालीच बसली आणि रडायला लागली. "आत्याबाई, मला सांगायचं तरी! मी किती बोलले तुमास्नी."

झुंबरबाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. "म्हंजे त्ये जखमंचं रगत हुतं? बोट कापल्यावर येतं तसं?"

"तसंच."

"विटाळ न्हवताच?"

"नव्हता."

मग झुंबरबाई म्हणाल्या, "चैतात आमच्या साळूचं लगीन झालं. थोरली नात. माज्याच हाताखाली वाढलेली. हळदीच्या टायमाला चक्कर आली म्हनले आन् माळवदावर जाऊन पडले. खालनं पोरगी आजी, आजी करून हाका मारीत हुती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तवा मी हळद लावली असती, तर चाललं असतं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"चाललं असतं, मावशी."

त्यांनी मान हलवली. उजवा हात उलटसुलट करून पाहिला, पदराला स्वच्छ पुसला आणि सुनेपुढे धरला. "ऊठ मालन. धाकटीची हळद हाय अजून."

तोच हात धरून मालनबाई उठली.