ती अंधाराला भिते

शैलजाकाकूंचे व्याही रेमों फ्रान्समध्ये गाणी लिहायचे. रेडिओवर लागणारी, लग्नात वाजणारी, ट्रकवाल्यांनाही पाठ असलेली गाणी. उभी हयात त्यांनी हेच केलं, आणि त्यातली बहुतेक गाणी ओदील या एकाच गायिकेसाठी लिहिली. तिकडे ओदीलला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. रेमोंचं नाव रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

बायको गेल्यावर ते मुलाकडे, ज्युलियनकडे, अमेरिकेत फ्रिस्कोला आले. ज्युलियन काकूंचा जावई. काकू ह्यूस्टनला लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. रिटायर झाल्यावर त्याही लेकीच्या, चारुताच्या घराजवळ राहायला आल्या होत्या. चारुता आणि ज्युलियन कामाला गेले की रेमों काकूंकडे चहाला येत. दोघांचंही इंग्रजी आपापल्या वळणाचं, पण गप्पा अडत नसत.

मार्चमध्ये ओदील गेल्याची बातमी आली. रेमोंचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. विमानप्रवास जमणार नाही, हे काकूंनीच त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले ते चहाला नको म्हणतच. ओदीलच्या मुलाचा पॅरिसहून फोन आला होता. अंत्यविधीला चर्चमधले गायक रेमोंचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणणार होते. तुमची काही इच्छा आहे का, असं त्यानं विचारलं होतं.

काकूंनी गाण्याचा अर्थ विचारला. रेमों म्हणाले, एक बाई आपल्या माणसाला विनवते आहे, दिवा मालवू नकोस, मी अंधाराला भिते. लोक ते प्रेमाचं गाणं समजतात.

मग ते म्हणाले, "मी तसं लिहिलं नव्हतं. 'ती अंधाराला भिते' असं लिहिलं होतं."

ती म्हणजे त्यांची मुलगी. ज्युलियनच्या आधीची. तीन वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली. दफन करून आल्यावर रेमोंनी ते गाणं लिहिलं. ओदीलनं वाचलं आणि म्हणाली, हे मी असं गाऊ शकणार नाही, रडू येईल; 'ती'च्या जागी 'मी' करू दे, म्हणजे कुणी काही विचारणारही नाही. त्यांनी करू दिलं. त्या एका गाण्यावर त्यांचं पुढचं सगळं उभं राहिलं. घरी बायकोनं मुलीचे फोटो उचलून ठेवले, तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. ज्युलियनला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुम्ही मुलांच्या डॉक्टर," रेमों म्हणाले. "आजच्या काळात ती वाचली असती?"

काकूंनी अशा प्रश्नांना आयुष्यभर उत्तरं दिली होती. "बहुतेक वाचली असती," त्या म्हणाल्या.

रेमोंनी तिथूनच पॅरिसला फोन लावला.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी सगळे टीव्हीसमोर जमले. चर्चबाहेर रस्ताभर माणसं उभी होती. गायकांनी गाणं सुरू केलं, आणि पहिल्या वेळी ती ओळ रेमोंनी लिहिली होती तशी, स्वच्छ ऐकू आली. ध्रुवपद परत आलं तेव्हा बाहेरची गर्दी गाऊ लागली. सगळ्यांना पाठ होतं ते 'मी'. हजारो आवाजांत आतल्या गायकांचा 'ती' बुडून गेला. रेमोंनी डोळे मिटून घेतले.

ज्युलियन लहानपणापासून ते गाणं ऐकत आला होता. तो म्हणाला, "पापा, पहिल्यांदा चुकले का ते?"

"नाही," रेमों म्हणाले. "ते बरोबर गायले." आणि त्यांनी सांगून टाकलं.

ज्युलियनचा चेहरा पांढरा पडला. "मला बहीण होती," तो म्हणाला, "आणि हे मला आज कळतंय?" तो उठून बाहेर गेला. चारुता त्याच्या मागे निघाली, तर काकूंनी तिचा हात धरला.

बाहेर ड्राइव्हवेमध्ये तो गाडीला टेकून उभा राहिलेला दिसत होता. टीव्हीवर शवपेटी निघाली, लोकांनी तिकडच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. रेमोंनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

ज्युलियन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो वडिलांशेजारी बसला, पण त्यांच्याकडे न बघता.

"नाव काय होतं?"

रेमोंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. किती तरी वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. दुसऱ्यांदा त्यांना जमलं.

"मादलेन."

मग ते फ्रेंचमध्ये बोलायला लागले. काकूंना त्यातलं काही कळेना, पण त्या चारुताला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यांनी कुणाला हाक मारली नाही. दारापलीकडून रेमोंचा आवाज येत राहिला. मधेच ज्युलियन काहीतरी विचारायचा, आणि तो आवाज पुन्हा सुरू व्हायचा.