बेडकाच्या डोळ्यातली खिडकी

मी फ्लॅश धरते. फोटो विश्वजीत काढतो, उजेड मी धरते. लोकांना वाटतं फ्लॅश कॅमेऱ्यालाच असतो आणि आपोआप उडतो. तसा उडवला की बेडूक आधार कार्डावरच्या माणसासारखा दिसतो, सपाट आणि अपराधी. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवायचा, हातात घ्यायचा आणि बाजूने, किंचित वरून धरायचा, तेव्हा कुठे त्या कातडीवरची ओल दिसते, पायाच्या बोटांची चकती दिसते. तो हात गेली कित्येक वर्षं माझा होता. चिखलात गुडघे रुतवून, डासांना रक्तदान करत मी फ्लॅश धरत आले. उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर बसवलेली टोपीसुद्धा माझीच, श्रीखंडाचा पांढरा डबा कापून केलेली.

विश्वजीत आमच्याच सोसायटीत राहतो, तळोज्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. मी पनवेलच्या विमा कार्यालयात. रात्री परक्या पुरुषाबरोबर रानात जाते म्हणून सोसायटीत काय काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं, पण त्याची बायको कुमुद स्वतः थर्मास भरून द्यायची आणि म्हणायची, "याला साप चावला तर मला फोन कर. तुला चावला तर आधी थर्मास सांभाळायला सांग." अशा घरावर विश्वास ठेवायचा नाही तर कुठे ठेवायचा?

एकच गोष्ट मला खुपायची. फोटो कुठेही लागो, खाली नाव एकट्या विश्वजीतचं. मी टोमणे मारायचे, "नवरदेव तू, मी आपली करवली." तो हसायचा, "लिहू गं एकदा तुझंही." मला नाव हवं होतं. उगाच साधेपणाचा आव आणत नाही, मनापासून हवं होतं.

पळस्प्याच्या पुढे एका गावात गावदेवीची राई आहे. चहूबाजूंनी जमिनी विकल्या गेल्या, इमारती आल्या, पण राईला कोणी हात लावला नाही. तिची राखण काशिराम घरत यांच्या घराण्याकडे. मी त्यांना मामा म्हणते. त्या राईतून सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा गावाचा रिवाज आहे. मामांचे दोन मुलगे जमिनीच्या व्यवहारात गब्बर झाले, दारात दोन गाड्या उभ्या आहेत, तरी घरात लाकूड येतं ते दुसरीकडून.

आम्ही पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. विश्वजीतने मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. मामांनी ते पाहिले नाहीत. मलाच म्हणाले, "रातचे कनाला येतंव?" मी म्हटलं, "मामा, दिवसा हे जीव झोपतात. आम्ही फक्त बघणार. काही उचलणार नाही." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग बाजूला सरकून ओट्यावर जागा केली. "बस गो बाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला, माझा हात त्यावर ठेवायला लावला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे पुण्याला देवळात लोक मनात मागतात. मामा मोठ्याने, समोर माणूस उभा असावा तसे बोलत होते.

"आये गावदेवी, ही अनुया बाय तुज्या राईन रातची येल. हिच्यासंगती जो येल त्याचा जिम्मा हिचा. ही पानाला हात लावनार नाय, किड्यामुंगीला हात लावनार नाय. काय चुकला माकला तर हिला इचार. हिला सांबाल."

विश्वजीत मागे उभा राहून बॅगेची चेन लावत होता. माझ्या अंगावर काटा आला होता. मी देवाधर्माची फारशी नाही, पण माझं नाव घेऊन माझ्या शब्दाची अशी हमी आजवर कोणी कोणापुढे दिली नव्हती. त्यानंतर राईत पाय ठेवताना मी चप्पल झटकून घ्यायचे आणि बाहेर पडतानाही झटकायचे, आपल्याबरोबर तिथली मुंगीसुद्धा बाहेर जायला नको म्हणून.

राईतल्या विहिरीपाशी एक हिरवा झाडबेडूक होता, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा. मामा त्याला 'देवीची बेडकी' म्हणायचे. सबंध पावसाळा त्याने आम्हाला झुलवलं. मी फ्लॅश उचलला की टुणकन उडी. विश्वजीत चिडायचा, शिव्या द्यायचा. मी म्हणायचे, "अरे, त्याचं घर आहे. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं." मग प्रदर्शनाची तारीख जवळ आली आणि मी फ्लूने आडवी झाले. एकदा कुमुद पेज घेऊन आली तेव्हा तिच्याकडेच मी विश्वजीतने मागितलेली श्रीखंडाची टोपी दिली. "घरीच काहीतरी जुळवून बघतोय," ती म्हणाली. मी विचारलंही नाही.

प्रदर्शन शहरातल्या एका सभागृहात होतं. दुपारी पोचले तर दारासमोरच, सगळ्यात मोठ्या आकारात, देवीची बेडकी. हिरवीगार, पानाच्या टोकावर बसलेली, मागे मिट्ट काळोख. आणि खाली कार्डावर: छायाचित्र, विश्वजीत. प्रकाश, अनुया.

माझे डोळे भरून आले. लाज कसली त्यात! पर्समधून मोबाईल काढून मी आधी त्या कार्डाचाच फोटो घेतला, भावाला पाठवला. विश्वजीतला जमलं एकदाचं, एकट्याने का होईना, आणि तरीही तो मला विसरला नाही, असं वाटून मी त्याच्याबद्दल मनात जे जे वाईट आणलं होतं ते सगळं मागे घेतलं.

मग सवयीने जवळ जाऊन मी डोळा पाहिला. कुठल्याही फोटोत मी आधी डोळाच बघते, कारण बेडकाचा डोळा म्हणजे छोटा आरसा, उजेड कुठून आला ते त्यात दिसतं. श्रीखंडाच्या डब्याचा गोल ठिपका होता, पण अगदी डोक्यावर, जिथे मी जन्मात धरला नसता. आणि त्याच्या शेजारी एक उजळ चौकोन. चौकोनात उभे गज. गजांमागे पांढरं, लख्ख आभाळ.

कुमुदच्या स्वयंपाकघरातली ती खिडकी मला पाठ आहे. तिच्याखाली ओट्याला टेकून मी तिच्या हातचे किती चहा प्यायलेत त्याची गणती नाही. रात्रीच्या बेडकाच्या डोळ्यात भर दिवसाची खिडकी होती. काळोख फ्लॅशचा होता. कॅमेऱ्याची आकडेमोड नीट केली की दुपारसुद्धा काळी होते, हे मलाही येतं.

विश्वजीत कोणाला तरी समजावत होता. त्याला दंडाला धरून मी जिन्यापाशी नेलं.

"बेडूक घरी नेलास?"

त्याने आधी हसून बघितलं. मग माझा चेहरा पाहून हसणं आवरलं. "हळू बोल. सगळे करतात अनुया. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की सुस्त होतात, हलत नाहीत. जगभर करतात."

"आणि मग? परत सोडलास ना?"

तो कार्डं ठेवलेल्या टेबलाकडे बघायला लागला.

"विश्वजीत, परत सोडलास ना?"

"थंडी जरा जास्त झाली. उठलाच नाही. एक बेडूक गं, रस्त्यावर रोज चिरडतात."

मी, जिची जीभ सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला रडवते! आणि तोंडात आलं ते भलतंच. "मग माझं नाव कशाला घातलंस?"

"तुला हवं होतं ना?" तो म्हणाला, आणि मग मला अजून काहीतरी द्यावं लागेल असं वाटून की काय, खरंही बोलला. "शिवाय या प्रदर्शनवाल्यांचा नियम आहे. फोटो रानातलाच आहे हे सांगायला तिथे हजर असलेलं दुसरं माणूस लागतं. तुझ्याशिवाय कोण येतं माझ्याबरोबर?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. इतकी वर्षं जे नाव मी मागत होते ते त्याने मला दिलं नव्हतंच. ते त्याने वापरलं होतं, माझ्या डब्यासारखं.

मी वळले तर दारात काशिराममामा. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, पायांत नवे बूट. बोलावणं मीच धाडलं होतं, तापात असताना, कौतुकाने. ते फोटोसमोर उभे होते आणि त्यांनी हात जोडले होते.

"आमची बेडकी," ते शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते. "देवीची हाय." मग मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "बाय, कवरी मोठी केलीस गो तिला! पन आता रातची दिसत नाय, वरडत पन नाय. कुटं गेली काय म्हाईत."

मी गप्प बसू शकत होते. विश्वजीत जिन्यापाशी उभा राहून मानेने नको नको करत होता. मामांना डोळ्यातली खिडकी कधीच दिसली नसती, आणि उद्याही त्यांनी मला ओट्यावर जागा केली असती. त्याच जागेसाठी मला बोलणं भाग होतं.

"मामा, ती मेली. विश्वजीतने घरी नेली होती. हा फोटो राईतला नाही."

जोडलेले हात खाली आले.

"तू व्हतीस?"

"नाही मामा. आईशप्पथ नव्हते. मला आत्ता कळलं."

ते कार्डापाशी वाकले. बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत त्यांनी वाचलं. अ-नु-या. मग वर बघितलं. "मंग तुजा नाव हाय ना हितं."

"त्याने घातलं. मला न विचारता."

"आसंल," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पन मी देवीला त्याचा नाव सांगलाच नाय गो. तुजा सांगला. आता ती इचारील तर कोनाला इचारील?"

ते बाहेर पडले. मी कार्ड खेचून काढलं, मुठीत चुरगाळलं आणि त्यांच्यामागे धावले. मागून विश्वजीतने हाक मारली, ती ऐकू आली तरी मी थांबले नाही. मामा रिक्षात बसले होते.

"मामा, मी येते. मी स्वतः सांगते देवीला. वाटेत नारळ घेते."

"नारल नको घेव," ते समोर बघत म्हणाले. "नारलावर हात ठेवून झालाय तुजा."

रिक्षावाला माझ्यासाठी थांबला होता. मी एक पाय आत ठेवला. मामा सीटच्या मधोमध बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि ते सरकले नाहीत. मी पाय खाली घेतला.